कॅलिग्राफिक इटालिक फॉन्ट: लग्नपत्रिकेपासून टॉवेलच्या किनारीपर्यंत नीट कसा वापरायचा

सोलापुरात लग्नसराई सुरू झाली की डीटीपीच्या दुकानात एक मागणी ठरलेली असते, "नावं त्या वळणदार इंग्रजी अक्षरात घ्या की". मग ऑपरेटर कोरलमध्ये (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) मोनोटाइप कॉर्सिव्हा नाहीतर ल्युसिडा कॅलिग्राफी निवडतो, नाव सगळं कॅपिटलमध्ये टाकतो, बॉक्स भरावा म्हणून आडवं ओढतो, वर सोनेरी ग्रेडियंट, खाली सावली, आणि प्रिंटला सोडतो. फॉन्टची यात काही चूक नसते, फॉन्ट देखणाच असतो, पण तो कसा वापरायचा हे कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. डीटीपीवाल्यांसाठी आहे, घरबसल्या मोबाईलवर पत्रिका करणाऱ्यांसाठी आहे, आणि आपल्या गावात जे टॉवेल, चादरी, चटणीच्या बरण्यांची लेबलं करतात त्यांच्यासाठी तर आहेच.

पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं एकाच गोष्टीतून निघतं. हा फॉन्ट म्हणजे छापलेलं हस्ताक्षर आहे, चपट्या टोकाच्या लेखणीनं लिहिलेलं. त्या लेखणीनं हातानं जे केलं नसतं ते फॉन्टकडून करून घ्यायचं नाही. शंका आली की हा प्रश्न विचारा, उत्तर आपोआप मिळतं.

आधी ओळखायला शिका

नुसतं तिरकं केलेलं अक्षर म्हणजे इटालिक नव्हे. एरियलमध्ये इंग्रजी स्मॉल ए टाइप करा आणि आय बटण दाबा, डोक्यावर छत असलेला दुमजली ए तसाच राहतो, फक्त कलतो. आता तेच टाइम्स न्यू रोमनमध्ये करा, ए चक्क बदलतो, एकमजली होतो, हातानं लिहितो तसा, आणि स्मॉल एफचं शेपूट ओळीच्या खाली उतरतं. हे खरं इटालिक, त्याची अक्षरं वेगळी काढलेली असतात. कॅलिग्राफिक इटालिक याच्याही एक पाऊल पुढं असतं, त्यात लेखणीचा माग स्पष्ट दिसतो. एन किंवा एमची कमान दांड्याच्या पार खालून, हात न उचलता वर चढते. सुरुवातीला छोटा फराटा, शेवटी छोटा फराटा. जाड-बारीकपणा कुठंही मनानं टाकलेला नसतो, निब एका कोनात धरली की जिथं जाड यायला पाहिजे तिथंच जाड येतो.

कल मात्र फार नसतो हां. चांगल्या चॅन्सरी इटालिकचा (चॅन्सरी म्हणजे दफ्तर, तिथल्या कारकुनी वळणाचं इटालिक) कल साधारण ५ ते १० अंश. अक्षर तिरकं वाटतं ते कलण्यापेक्षा अरुंदपणामुळं आणि त्या चढत्या कमानीमुळं. कोरलमध्ये साधा फॉन्ट घेऊन स्क्यू करून, म्हणजे नुसता एका बाजूला ढकलून, "इटालिक" बनवतात तेव्हा कल येतो, बाकी काहीच येत नाही, आणि गोल अक्षरांची जाडी भलत्या जागी सरकते.

हे अक्षर आलं कुठून हे थोडं माहीत असलेलं बरं, कारण पुढचे दोन-तीन नियम त्यातूनच येतात. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये निक्कोलो निक्कोली नावाचा विद्वान हस्तलिखितांच्या नकला करायचा, त्याच्या भरभर लिहायच्या हातातून हे वळण पुढं आलं, मग पोपच्या दफ्तरात कारकुनांनी ते उचललं. व्हेनिसमध्ये आल्डुस मानुशिअस या प्रकाशकानं फ्रान्चेस्को ग्रिफोकडून या वळणाचे छपाईचे खिळे पाडून घेतले आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या कविता छोट्या, हातात मावणाऱ्या आकारात छापल्या, अख्खं पुस्तक इटालिकमध्ये. गंमत म्हणजे त्यात कॅपिटल अक्षरं सरळ उभी आणि छोटी होती, तिरकी फक्त स्मॉल अक्षरं. रोममध्ये पोपच्या दफ्तरात लिहिणारा लुडोव्हिको देल्यी अर्रिगी, त्यानं १५२२ साल घातलेलं एक छोटं पुस्तक काढलं, हे अक्षर कसं लिहायचं ते शिकवणारं, लाकडी ठशांवरून छापलेलं, आणि नंतर स्वतःचे खिळेही करवून घेतले. आज आपल्या कम्प्युटरवरच्या कॉर्सिव्हाचं मूळ हाच अर्रिगी.

म्हणजे हे दफ्तरातलं अक्षर. आपल्याकडं मोडी तशीच दफ्तरात वाढली, हात कमीत कमी उचलावा, मजकूर भरभर उतरावा म्हणून, आणि चिटणिशी वळणाची जुनी पत्रं बघितली तर ती घाईची असूनही किती डौलदार दिसतात. इटालिककडं बघताना मला नेहमी तेच दिसतं, घाईतला डौल. सजावट म्हणून ते जन्मलंच नाही, आणि म्हणूनच त्याच्यावर आणखी सजावट चढवली की ते बिघडतं.

दोन पेन्सिली बांधून बघा

फॉन्ट निवडायच्या आधी हे एकदा कराच, अर्धा तास जातो. दोन पेन्सिली शेजारी-शेजारी रबरबँडनं घट्ट बांधा, दोन्ही टोकं कागदाला टेकली पाहिजेत. आता टोकांची रेघ ओळीशी साधारण ४५ अंशात धरा आणि हात न फिरवता इंग्रजी स्मॉल एन, ए, ओ लिहा. दोन रेषा कुठं लांब जातात, कुठं एकमेकींवर येतात ते दिसेल, तीच जाड-बारीक रेघ. उंचीचंही माप आहे, स्मॉल अक्षराचं अंग, म्हणजे ओ एवढा मधला भाग, निबच्या रुंदीच्या पाचपट, एलसारख्या वर आणि पीसारख्या खाली जाणाऱ्या दांड्या त्याच्याबाहेर आणखी चार-पाच पट. म्हणजे १.५ मिलिमीटरची चपटी निब असेल तर ओ साडेसात मिलिमीटर उंच.

या मापातून एक गोष्ट लगेच कळते की अंगापेक्षा दांड्यांना जास्त जागा लागते. फॉन्टमध्येही तेच असतं. आणि शेजारी ४५ अंशात हातानं एक कॅपिटल शब्द लिहून बघा, लिहितानाच कंटाळा येतो, प्रत्येक अक्षर सुटं उभं राहतं, प्रवाह थांबतो.

कुठला फॉन्ट घ्यायचा

बहुतेकांच्या कम्प्युटरवर ऑफिसबरोबर आलेला मोनोटाइप कॉर्सिव्हा असतो, पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी केलेला. दुसरा प्रसिद्ध आयटीसी झाफ चॅन्सरी, हरमान झाफ यांचा, १९७९ चा. अॅपलच्या लेझररायटर प्लस प्रिंटरमध्ये जे ३५ फॉन्ट बसवलेले होते त्यात हा होता, म्हणून जगभर पोचला, आणि त्याच कारणानं जगभर वाटेल तसा वापरलाही गेला. ल्युसिडा कॅलिग्राफी ही चार्ल्स बिगेलो आणि क्रिस होम्स यांची, ती रुंद आणि जाड आहे, नाजूकपणा कमी पण छोट्या आकारात आणि खराब कागदावर टिकते, हा गुण लक्षात ठेवा. मॅक असेल तर झाफिनो मिळतो, १९९८ चा, झाफ यांचाच, पण त्याच्या दांड्या आणि शेपट्या इतक्या लांब जातात की एका ओळीला तीन ओळींची जागा द्यावी लागते. दोन नावं, मोठा कोरा कागद, असं काम असेल तरच घ्या.

फुकट आणि धंद्याला चालणारे हवेत तर गूगल फॉन्टवर टँजरीन आहे, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या चॅन्सरी हातांवरून केलेला, फार बारीक, म्हणून मोठाच वापरायचा. कॉर्मोरंटचं इटालिक आणि ईबी गॅरामाँडचं इटालिक ही पुस्तकी वळणाची आहेत, थोडी शांत, आणि माझं मत विचाराल तर दहातल्या सात कामांना हीच बरी, कारण नाव, गाव, तारीख सगळं त्याच घराण्यात सरळ आणि तिरकं असं दोन्ही मिळतं. झाफ चॅन्सरीच्या वळणाचं फुकट हवं असेल तर टेक गायर कोरस बघा. गूगलवरचे हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सचे आहेत, छपाईला, लेबलला, लोगोला चालतात. कुठल्यातरी साइटवरून "फ्री" म्हणून उतरवलेल्या फॉन्टमध्ये मात्र लायसन्सची फाइल उघडून वाचाच, बऱ्याचदा तो फक्त घरगुती वापरासाठी असतो आणि तुम्ही त्यावर अख्खा ब्रँड उभा करून बसता.

निवडताना फॉन्टच्या नावाचा नमुना बघू नका, आपले शब्द टाकून बघा. माझे ठरलेले शब्द आहेत. "सोलापूर" इंग्रजीत टाका, त्यात वर जाणारा एल आणि खाली जाणारा पी आहे. "सिद्धेश्वर" टाका, दोन डी आणि दोन एच, चार दांड्या एका शब्दात, वरची टोकं वळवलेला फॉन्ट असेल तर ती एकमेकांत घुसतात का ते तिथंच कळतं. आणि "शुभम", कारण त्यात स्मॉल बी आणि एच लागोपाठ येतात, जुन्या वळणाच्या काही इटालिकमध्ये एचचा पाय आत वळलेला असतो आणि तो थेट बीसारखा दिसतो. पत्रिकेवर नवरदेवाचं नाव चुकीचं वाचलं जाणं परवडत नाही.

कुठं चालतो, कुठं नाही

लग्नपत्रिकेवरची दोन नावं, सन्मानपत्रावरचं मानकऱ्याचं नाव, आमंत्रणाची एखादी ओळ, पुस्तकाची अर्पणपत्रिका, कवितेचं शीर्षक, अत्तर किंवा मिठाईच्या डब्यावरचा ब्रँड, मेनूकार्डावर पदार्थांच्या गटाचं नाव. थोडे शब्द, शांत जागा, वाचणारा हातात धरून निवांत वाचणार, तिथं हा फॉन्ट शोभतो.

पत्ता, फोन नंबर, मुहूर्ताची वेळ, साहित्याची यादी, एमआरपी, नियम-अटी, यात नाही. घाईत वाचायची किंवा चुकली तर नुकसान होईल अशी कुठलीही माहिती यात घ्यायची नाही. शेंगा चटणीच्या बरणीवर ब्रँडचं नाव इटालिकमध्ये घ्या, सुंदर दिसेल, पण घटक आणि पॅकिंगची तारीख साध्या फॉन्टमध्ये ठेवा.

रस्त्यावरच्या फ्लेक्सवर आणि दुकानाच्या पाटीवर तर फार जपून. सात रस्त्यावरून गाडीवर जाणाऱ्या माणसाला बारीक रेघा दिसतच नाहीत, जाड तुकडे तेवढे दिसतात. पाटीचा सर्वसाधारण ठोकताळा दहा फुटाला एक इंच उंचीचा आहे, म्हणजे ५० फुटावरून नीट वाचायचं तर पाच इंचाचं अक्षर, आणि तो साध्या ठसठशीत अक्षराचा हिशोब झाला, नाजूक इटालिकला त्याच्या दीडपट तरी धरा. आणि आपल्या राज्यात २०२२ च्या दुरुस्तीपासून दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत आधी आणि इतर भाषेपेक्षा लहान नको हे कायद्यानंच आहे, त्यामुळं इंग्रजी वळणदार नाव भलंमोठं आणि मराठी कोपऱ्यात हे बसतच नाही. मराठी नाव मोठं घ्या, इंग्रजी इटालिक खाली लहान घ्या, तसं ते दिसतंही जास्त चांगलं.

आकार, कॅपिटल आणि जागा

या फॉन्टचं अंग लहान आणि दांड्या लांब, म्हणून तो आकड्यापेक्षा लहान दिसतो. १२ पॉइंटच्या टाइम्सशेजारी ठेवला तर चॅन्सरी साधारण १४-१५ करावा लागतो, टँजरीन तर त्याहून बराच मोठा. पॉइंटचा आकडा बघू नका, दोन्ही ओळी शेजारी ठेवून स्मॉल ओची उंची जुळवा. पत्रिकेवरची नावं २८-३० पॉइंटच्या खाली मी घेत नाही. मोबाईलवर पाठवायचं कार्ड १०८० पिक्सेल रुंद असेल तर नाव ६० पिक्सेलच्या खाली नको, व्हॉट्सअॅप फोटो दाबून पाठवतं आणि बारीक रेघा आधी जातात, जमलं तर पीडीएफ पाठवा.

सगळी कॅपिटल अक्षरं कधीही नाही. हा एक नियम पाळला तरी सोलापुरातल्या निम्म्या पत्रिका सुधारतील असं मला मनापासून वाटतं. या फॉन्टची कॅपिटल अक्षरं शब्दाच्या दारात एकटी उभी राहण्यासाठी काढलेली असतात, हात पसरून, त्यांच्यानंतर स्मॉल अक्षरं ओळीनं येणार हे धरून. आठ-दहा जणी हात पसरून शेजारी उभ्या केल्या तर कोण कोण हे कळत नाही. नावाआधीची आद्याक्षरं, एस. के. किंवा व्ही. डी. अशी, यांचं काय करायचं? दोन उपाय. पूर्ण नाव लिहा, ते कधीही चांगलं. नाहीतर आल्डुसची युक्ती वापरा, आद्याक्षरं त्याच घराण्यातल्या सरळ उभ्या अक्षरात आणि थोडी लहान घ्या, पुढचं नाव इटालिकमध्ये. पाचशे वर्षांपूर्वीचा उपाय आहे, आजही साफ दिसतो.

अक्षरांमधलं अंतर वाढवायचं नाही. प्रत्येक अक्षराचा शेवटचा फराटा पुढच्या अक्षराकडं निघालेला असतो, मध्ये फट पाडली की ते हात हवेत राहतात. अपवाद एकच, पहिलं कॅपिटल आणि त्यानंतरचं स्मॉल अक्षर यांची जोडी, व्ही-ए, टी-ए, वाय-ए, डब्ल्यू-ए, म्हणजे वैष्णवी, तन्मय, यश, वामन अशी नावं, इथं मोठ्या आकारात कधी भोक पडतं, ते हातानं सरकवून मिटवा. ओळींमध्ये मात्र सढळ हातानं जागा सोडा, अक्षराच्या आकाराच्या १३० ते १४० टक्के, म्हणजे वरच्या ओळीची शेपटी खालच्या दांडीला अडकणार नाही. तीन-चार ओळींपेक्षा जास्त मजकूर यात लावायचाच नाही. आणि आडवं-उभं ओढणं, ते तर नाहीच, निबची रुंदी बदलल्यासारखं होतं आणि जाड-बारीकचा सगळा हिशोब कोलमडतो. जागा उरली तर उरू द्या.

फराट्यांचं (याला स्वॉश म्हणतात) वेगळं सांगतो. बऱ्याच ओपनटाइप फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं असतात, साधं आणि लांब फराट्याचं. कोरलमध्ये एक्स सिक्सपासून पुढं ही सोय आहे, अक्षर सिलेक्ट केलं की टेक्स्टच्या प्रॉपर्टीत पर्याय दिसतात. इंकस्केपमध्येही टेक्स्टच्या खिडकीत फीचर्सचा भाग आहे, वर्डमध्ये फॉन्टच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टायलिस्टिक सेट मिळतात. सापडल्यावर मोह होतो. एका नावात एकच लांब फराटा, सुरुवातीच्या अक्षराला किंवा शेवटच्याला, मधल्या अक्षराला नाही, कारण लिहिणाऱ्याचा हात मध्ये थांबून गिरकी घेत नाही. दोन नावं वर-खाली असतील तर वरच्या नावाला सुरुवातीला आणि खालच्याला शेवटी फराटा द्या, कागदाचे दोन कोपरे आपोआप तोलले जातात.

देवनागरी शेजारी कशी ठेवायची

इथं सगळ्यात जास्त गडबड होते म्हणून जरा थांबून सांगतो. इंग्रजी नाव इटालिकमध्ये घेतलं की लोक मराठी नावही आय बटण दाबून तिरकं करतात. देवनागरीत अशी जुनी इटालिक परंपरा नाही. र. कृ. जोशी यांनी केलेला मंगल घ्या, त्यात वेगळं इटालिक दिलेलंच नाही, वर्ड त्याला नुसतं ढकलून कलतं करतं. शिरोरेखा आडवी राहते, काने कलतात, आणि मात्रा-वेलांट्या एका बाजूला पडल्यासारख्या दिसतात.

दुसरं, लेखणीच वेगळी आहे. देवनागरीचा बोरू रोमन निबच्या उलट्या बाजूला तिरका कापतात, त्यामुळं जाड-बारीक उलट जागी येतं. एक लिपी दुसरीच्या कलात बसवायला गेलं की दोन्ही लेखण्या भांडतात. मग जोडी जमवायची कशी? कल जुळवू नका, लेखणीचा माग जुळवा. इंग्रजीत निबचा माग दिसतोय तर मराठीतही बोरूचा माग दिसणारा फॉन्ट घ्या, पण सरळ उभा. फुकटमध्ये अमिता आणि तिल्लाना बघा, दोन्हींत बोरूच्या वळणाची जाण आहे. कलम हा फॉन्ट चांगला आहे पण तो पेननं पटकन लिहिल्यासारखा, घरगुती, चॅन्सरीच्या शेजारी साधा वाटतो. पुस्तकी, गंभीर काम असेल, सन्मानपत्र, अर्पणपत्रिका, तर टिरो देवनागरी मराठी घ्या. त्यात मराठी वळणाचा ल आणि श येतो, हिंदी वळणाचा नाही, पत्रिकेवर आजी-आजोबांच्या डोळ्यांना हा फरक लगेच लागतो. रेग्युलरच घ्या, तो पुरेसा डौलदार आहे. कुठलाही मराठी फॉन्ट पक्का करायच्या आधी "कऱ्हाडे", "कुऱ्हाड", "श्री", "ज्ञानेश्वर", "सिद्धेश्वर", "विठ्ठल" हे टाकून बघा. ऱ्ह मोडला किंवा ठ्ठ एकमेकांत अडकला तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही, कितीही सुंदर असो.

जाडी जुळवताना इंग्रजीची जाड रेघ आणि देवनागरीच्या कान्याची जाडी सारखी दिसली पाहिजे. उंचीत देवनागरीचं अंग इंग्रजी स्मॉल ओपेक्षा थोडं मोठं, कॅपिटलपेक्षा थोडं लहान. आकड्यानं नाही, डोळ्यानं ठरवा.

आपल्या गावात पत्रिका नुसत्या मराठीत नसतात. पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूच्या नात्यांत कन्नड, आणि वर इंग्रजी. तेलुगू-कन्नडला शिरोरेखा नाही, अक्षरं गोल, त्यामुळं ती रोमन इटालिकशेजारी मराठीपेक्षा सोपी बसतात, फक्त कलती करू नका आणि ओळीखाली जोडाक्षरांना जागा जास्त सोडा. तीन लिप्या एका पानावर असतील तर इटालिक फक्त एकाच ठिकाणी, दोन नावांना, बाकी सगळं साधं.

कागद आणि छपाई

बारीक रेघेचा जीव छपाईत ठरतो. ऑफसेटला पांढऱ्यावर काळी रेघ पाव पॉइंटपर्यंत टिकते, पण गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर सोडलं तर शाई आत पसरते, तिथं निदान अर्धा पॉइंट. स्क्रीन प्रिंटिंगला आणि सोनेरी फॉइललाही अर्ध्याच्या वर, पाऊण असेल तर निर्धास्त. रेघ किती जाड आहे कसं कळणार? अक्षर कर्व्ह करा (म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचं रेषांच्या आकारात रूपांतर करा), सगळ्यात बारीक जागी शेजारी पाव आणि अर्ध्या पॉइंटची रेघ ठेवून ताडून बघा. बारीक निघाली तर फॉन्टला आउटलाइन देऊन जाड करू नका, सगळीकडं सारखी सूज येते. मोठा आकार घ्या, नाहीतर त्याच फॉन्टचं मिडियम वजन घ्या, कॉर्मोरंटमध्ये अशी वजनं आहेत. चार रंगांच्या मिश्रणातला मरून किंवा जांभळा बारीक इटालिकला वापरू नका, प्लेट जराशी हलली तरी अक्षराला झालर येते. एकच घट्ट रंग. खरबरीत हँडमेड कागदावर लेझर प्रिंटरचा टोनर खड्ड्यात बसत नाही, तिथं गुळगुळीत आयव्हरी बोर्ड बरा. सावली, ग्रेडियंट, एम्बॉस इफेक्ट यातलं काहीही नको.

माग आणि एम्ब्रॉयडरी

हे खास सोलापूरचं. हॉटेलचं नाव टॉवेलवर, संस्थेचं नाव चादरीवर, अशी कामं एमआयडीसीत रोज निघतात आणि "स्टायलिश फॉन्ट" हवा म्हणून हा फॉन्ट तिथंही येतो.

जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, अक्षर विणायचं म्हणजे ते चौकटींच्या ग्राफवर काढायचं, एक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. समजा इंचाला ४० उभे धागे आहेत, म्हणजे एक धागा साधारण ०.६ मिलिमीटर. आता ८ अंश कललेला, एक इंच उंच दांडा काढा. इंचभर उंचीत तो फक्त पाच-सहा धागे बाजूला सरकतो, म्हणजे सुंदर तिरकी रेघ न येता पाच-सहा पायऱ्या येतात, लांब-लांब. उपाय असा की अक्षर मोठं घ्या, तीन-चार इंचांचं, म्हणजे पायऱ्या लांबून बघताना विरघळतात, बारीक रेघ निदान दोन-तीन धाग्यांची ठेवा, आणि कॉर्सिव्हासारखा नाजूक फॉन्ट सोडून ल्युसिडा कॅलिग्राफीसारखा जाड घ्या. फॉन्ट थेट सॉफ्टवेअरनं ग्राफमध्ये उतरवून सोडू नका, डिझाइनरनं पायऱ्या हातानं साफ केल्याच पाहिजेत, विशेषतः ओ, ई, एसच्या वळणावर. आणखी एक, इंचाला उभे धागे आणि पिक (आडवे धागे) सारखे नसतील तर ग्राफवर बरोबर दिसलेलं अक्षर कापडावर बसकं किंवा लांबट येतं, म्हणून काढण्याआधीच ते प्रमाण धरून ग्राफ लावा.

एम्ब्रॉयडरीत हिशोब वेगळा. भरीव टाक्याची पट्टी एक मिलिमीटरच्या खाली गेली की दोरा दाटतो किंवा तुटतो, म्हणून फॉन्टची बारीक रेघ एक मिलिमीटर होईल एवढं अक्षर मोठं करायचं, नाहीतर बारीक रेघेला साधा धावता टाका द्यायचा. या वळणाची स्मॉल अक्षरं एक-सव्वा सेंटिमीटरच्या खाली नकोत. टर्किश टॉवेलच्या लूपवर तर अक्षर बुडतं, टाके लूपमध्ये गाडले जातात. त्यासाठी वरून पाण्यात विरघळणारी फिल्म टाकून भरतात, पण त्याहून सोपं म्हणजे टॉवेलच्या किनारीजवळ जो लूप नसलेला सपाट डॉबीचा पट्टा असतो त्यात नाव बसवा. पट्टा अरुंद असतो, म्हणून लांब शेपट्यांचा फॉन्ट तिथं मावत नाही, त्या जागेसाठी जी, वाय, पीच्या शेपट्या आखूड असलेला फॉन्ट निवडा. पार्टीला नमुना दाखवताना कागदावर प्रिंट दाखवू नका, त्याच कापडावर भरून, एकदा धुवून दाखवा, धुतल्यावर कापड आटतं आणि दोऱ्याचा ताण तेव्हाच दिसतो.

फाइल सोडताना

मराठी मजकूर व्हॉट्सअॅपवरून युनिकोडमध्ये येतो आणि बऱ्याच दुकानांत काम जुन्या श्रीलिपी एन्कोडिंगमध्ये चालतं, कन्व्हर्टरमधून गेल्यावर ऱ्ह, र्‍य, श्र, ङ ही अक्षरं एकेक करून तपासा. मग संपूर्ण मजकूर घरच्या मोठ्या माणसाकडून वाचून घ्या, चि., चि. सौ. कां., कै. कुणाच्या नावापुढं आहे ते त्यांनाच नीट माहीत असतं. सही झाल्यावरच सगळी अक्षरं कर्व्हमध्ये बदला, कारण समोरच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसेल तर तिथं काय उघडेल याचा भरवसा नाही, फराट्यांची निवडलेली रूपं तर नक्कीच उडतात. कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळ्या नावानं जपून ठेवा, तारीख बदलली की तीच लागते. कर्व्ह केल्यावर जिथं दोन अक्षरांचे फराटे एकमेकांवर येतात तिथं वेल्ड करा, म्हणजे दोन्ही आकार सांधून एकच करा, नाहीतर व्हिनाइल कटिंगमध्ये त्या जागी आडवा छेद पडतो आणि कोरलमध्ये एकत्र केल्यास पांढरी भोकं दिसतात. शेवटी एक प्रूफ त्याच कागदावर, खऱ्या मापात काढा, भिंतीला लावून दोन हातांवरून बघा, मग हातात घेऊन बघा, दोन्हीकडून नाव एका नजरेत वाचता आलं की छपाईला सोडा.